अभिजात की लोकप्रिय? अकोल्याच्या दोन संमेलनांतून दिसणारा मराठी वाचनाचा इतिहास

(१/२०) इ. स. १९१२. वऱ्हाडातील अकोला येथे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी होते हरि नारायण आपटे, म्हणजे कादंबरीकार. पुढे ६९ वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच अकोल्यात पुन्हा संमेलन झाले. या वेळी अध्यक्ष होते गोपाल नीलकंठ दांडेकर. तेही कादंबरीकारच. दोघांची पुस्तके घरोघरी वाचली गेली. 'लोकांना आवडते ते हलके आणि विद्वानांना आवडते ते थोर' ही समजूत मराठीत जुनी आहे. अकोल्याच्या या दोन संमेलनांच्या आधाराने तिची तपासणी करणारा हा धागा.

(२/२०) प्रथम स्थळ. मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर अकोल्याचे जुने शहर वसले आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून येथील किल्ल्याला असदगड हे नाव पडले. किल्ल्याचे बांधकाम १६९७ च्या सुमारास ख्वाजा अब्दुल लतीफ याने केले. याच भागात ग्रामदैवत राजराजेश्वराचे मंदिर आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि नदीच्या पूर्वेस ताजनापेठेच्या बाजूला कचेऱ्या व साहेबांचे बंगले उभे राहिले. एका तीरावर पोथी आणि दुसऱ्या तीरावर छापील पुस्तक, असे दोन वाचनसंस्कार त्या काळी एकाच गावात शेजारी नांदू लागले.

(३/२०) छापील कादंबरी येण्यापूर्वी लोक काय वाचत? अधिक नेमके विचारायचे तर काय ऐकत? उत्तर आहे श्रीधर. 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३), 'पांडवप्रताप' (१७१२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८) हे त्याचे ग्रंथ. चातुर्मासात देवळात किंवा ओसरीवर एकाने वाचावे व पन्नासांनी ऐकावे, अशी ही रीत महाराष्ट्रभर होती. श्रोत्यांत निरक्षर शेतकरी असत, सासुरवाशिणी असत, मुले असत. युद्धाचे वर्णन आले की श्रोते सरसावून बसत आणि करुण प्रसंगी डोळ्यांना पदर लागत. आजच्या भाषेत बोलायचे तर श्रीधर हा अठराव्या शतकातील सर्वांत लोकप्रिय मराठी लेखकांपैकी एक होता.

(४/२०) पंडिती काव्याच्या कसोटीवर मात्र श्रीधराची गणना वामन पंडित किंवा मोरोपंत यांच्या बरोबरीने क्वचितच झाली. त्याची ओवी सोपी, अलंकार ओळखीचे आणि कथा आधीच ठाऊक असलेली. तरीही आज श्रावणात 'शिवलीलामृत' वाचणारी घरे सापडतात. मोरोपंतांची आर्या मुख्यतः अभ्यासकांच्या टेबलावर आढळते. म्हणजे 'लोकप्रिय ते क्षणिक, अभिजात ते चिरंतन' हा नियम येथेच डळमळतो. अर्थात श्रीधराच्या टिकण्यामागे व्रताचा आणि धर्मभावनेचा आधार आहे, हेही विसरता येणार नाही. केवळ वाङ्मयगुणांवर त्याचे टिकणे सिद्ध होत नाही.

(५/२०) वऱ्हाडात या वादाचे मूळ याहूनही जुने आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ठेवा होय. महानुभाव परंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. केशोबास हा संस्कृतचा व्यासंगी. त्याने संस्कृतात लिहिण्याचा विचार मांडला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवले. कारण पंथातील साध्यासुध्या म्हाताऱ्या स्त्रिया त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. प्रतिष्ठेची भाषा बाजूला ठेवून लोकांची भाषा निवडण्याचा हा निर्णय होता. आज तोच ग्रंथ अभिजात मराठीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

(६/२०) त्याच ग्रंथाचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. महानुभावांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. लोकांसाठी लोकभाषेत लिहिलेले वाङ्मय शतकानुशतके लोकांच्या नजरेआड गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ही लिपी उलगडली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाचा शोध घेतला, तर १९३० च्या दशकात नागपूरच्या ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्र' संपादून छापले. ग्रंथाचा दर्जा सहाशे वर्षांत बदलला नव्हता. तो हाती येण्याचा मार्ग तेवढा बंद झाला होता. एखादे पुस्तक अभिजात ठरण्यासाठी आधी ते उरावे लागते.

(७/२०) आता 'कादंबरी' या शब्दाकडे वळू. सातव्या शतकातील बाणभट्टाची 'कादंबरी' हा संस्कृत गद्याचा मुकुटमणी मानला जातो. दीर्घ समास, श्लेष आणि वर्णनांची आरास यांमुळे ती सामान्य वाचकाला सहज उमगणारी नाही. मराठीने मात्र या कृतीचे नाव उचलले आणि सर्वांत लोकप्रिय ठरलेल्या नव्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. कन्नडनेही तेच केले. आरंभी मराठीत 'नावल' हा इंग्रजीवरून आलेला शब्दही रूढ होता. पुढे तो मागे पडला. पुस्तकविक्रेत्याकडे रहस्यकथा मागणारा वाचक जेव्हा 'कादंबरी' म्हणतो, तेव्हा नकळत बाणभट्टाच्या नायिकेचे नाव घेत असतो.

(८/२०) मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या पुस्तकाचा मान आहे. विधवांच्या दुःस्थितीवर लिहिलेली ही गंभीर कृती होती. त्यानंतर मात्र लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कथांची लाट आली. राजपुत्र, सुंदरी, कपटी कारस्थाने, विरह आणि अखेर मीलन. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' प्रसिद्ध केला आणि असंभाव्य कथानकांवर बोट ठेवले. कादंबरीने वास्तवाशी नाते ठेवावे की नाही, हा वाद मराठीत तेव्हापासून चालू आहे.

(९/२०) या टीकेत तथ्य होते, पण ती अपुरी होती. अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी एक मोठे काम केले होते. एकट्याने, मनातल्या मनात, केवळ आनंदासाठी दीर्घ गद्य वाचण्याची सवय त्यांनी मराठी माणसाला लावली. पोथी सामुदायिक होती आणि पुण्यासाठी वाचली जाई. कादंबरी खासगी होती आणि तिच्या वाचनाने पुण्य लाभण्याचा प्रश्नच नव्हता. याच एकोणिसाव्या शतकात गावोगावी सार्वजनिक वाचनालये निघाली. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयाची परंपराही त्याच शतकात जाते. वाचनालय चालण्यासाठी वर्गणीदार लागतात, आणि वर्गणीदार टिकवण्यात कथा-कादंबऱ्यांचा वाटा नेहमीच मोठा राहिला आहे.

(१०/२०) विलायतेतही चित्र वेगळे नव्हते. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हा लंडनचा लेखक स्वस्त साप्ताहिक भागांतून गुन्हे, गुपिते व गल्लीबोळांतील दारिद्र्य रंगवी. त्याचा खप प्रचंड होता. तेथील समीक्षकांनी त्याला मानाचे पान दिले नाही. हिंदुस्थानात मात्र इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी त्याच्या कादंबऱ्या अक्षरशः फस्त केल्या. त्या तरुणांत पुण्याचा एक विद्यार्थीही होता. १८८५ मध्ये त्याची 'मधली स्थिती' ही पहिली सामाजिक कादंबरी आली. तिच्यामागे रेनॉल्ड्सच्या लंडनविषयक कथेची प्रेरणा होती. तो विद्यार्थी म्हणजे हरि नारायण आपटे. मराठीतील अभिजात वास्तववादी कादंबरीच्या पायात एक दगड परदेशी बाजारू कथेचा आहे.

(११/२०) १८९० मध्ये हरिभाऊंनी साप्ताहिक काढले. त्याचे नाव ठेवले 'करमणूक'. आपल्या पत्राला असे नाव देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्याच पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः प्रसिद्ध झाली. यमुना ही नायिका स्वतःची कहाणी स्वतः सांगते. बालपण, लग्न, सासर, नवऱ्याच्या साथीने मिळालेले थोडे मोकळे जीवन, वैधव्य आणि केशवपनाचा अत्याचार. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत. आज दूरचित्रवाणीवरील मालिकांना जे 'पुढे काय होणार' हे कुतूहल लागते, तेच तेव्हा या कादंबरीलाही लागले होते. फरक असा की मालिकेचा शेवट झाला तरी यमुनेचा प्रश्न वाचकाच्या घरातच उभा राहिला.

(१२/२०) या पार्श्वभूमीवर १९१२ चे अकोला पाहावे. त्यापूर्वीच्या अध्यक्षांत न्या. महादेव गोविंद रानडे, कृष्णशास्त्री राजवाडे, वकील रघुनाथ पांडुरंग करंदीकर, कवी गोविंद वासुदेव कानिटकर, पंडित चिंतामण विनायक वैद्य, वैद्यक व वनस्पतिशास्त्राचे जाणकार कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अशी नावे होती. मुख्यतः कादंबरीकार म्हणून ओळखला जाणारा लेखक त्या आसनावर प्रथम बसला तो अकोल्यात. चाळीस वर्षांपूर्वी ज्या 'नावला'ला निबंधकार खडसावत होते, त्याच प्रकाराला मराठी विद्वत्सभेने मानाचा मुजरा केला. मधल्या काळात कादंबरी बदलली होती, आणि तिच्याकडे पाहणारी नजरही.

(१३/२०) अध्यक्षांच्या या यादीत एक नाव वऱ्हाडचे होते. १९०७ च्या पुणे संमेलनाचे अध्यक्ष विष्णु मोरेश्वर महाजनी हे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात काम केलेले, अकोल्याच्या सार्वजनिक जीवनातील गृहस्थ. १८७९ मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या 'सिंबेलीन'वरून 'तारा' हे नाटक रचले. शेक्सपिअर इंग्रजी राज्याबरोबर आपल्याकडे आला तो परीक्षेचा विषय होऊन, अभिजाततेची मोहोर घेऊनच. स्वतःच्या काळात मात्र तो तिकीट काढून येणाऱ्या, उभ्याने नाटक पाहणाऱ्या गर्दीसाठी लिहीत होता. भुते, खून, वेषांतरे आणि विनोदी पात्रे त्याने त्या गर्दीसाठी घातली. तो अभ्यासक्रमात गेला, आणि मग त्याच्या नाटकातील गर्दी विसरली गेली.

(१४/२०) श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे उदाहरण उलट दिशेचे आहे. त्यांनी वकिलीचा आरंभ अकोल्यात केला आणि पुढे ते खामगाव व जळगाव जामोद येथे राहिले. 'वीरतनय' (१८९६) व 'मूकनायक' (१९०१) ही त्यांची नाटके गाजली. पारशी रंगभूमीच्या वळणाच्या चाली, कोटीबाज संवाद आणि गुंतागुंतीची कथानके यांवर प्रेक्षक लुब्ध होते. आज ती नाटके रंगभूमीवर दिसत नाहीत. 'सुदाम्याचे पोहे'मधील विनोदी लेख मात्र अजून वाचले जातात आणि त्यांचे महाराष्ट्रगीत अजून गायले जाते. एकाच लेखकाचे काय टिकेल, हे समकालीन टाळ्यांवरून ओळखता आले नाही. समकालीन टीकेवरूनही ओळखता आले नाही.

(१५/२०) विसाव्या शतकाच्या मध्यावर लोकप्रियतेचे शिखर गाठले बाबूराव अर्नाळकरांनी. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू ही त्यांची पात्रे दोन पिढ्यांच्या तोंडी होती. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईकांनीही याच क्षेत्रात हजारावर पुस्तकांचा पल्ला गाठला. लहान आकार, माफक किंमत, दर महिन्याला नवे पुस्तक. फिरत्या वाचनालयांतून व रेल्वे स्थानकावरील दुकानांतून ही पुस्तके हातोहात जात. पाठ्यपुस्तकाखाली लपवून वाचलेले पहिले पुस्तक कोणते, असे त्या पिढीला विचारले तर उत्तरात झुंजारचे नाव पुन्हा पुन्हा येते.

(१६/२०) या पुस्तकांविरुद्धचे आक्षेप खोटे नव्हते. कथानकांवर इंग्रजी रहस्यकथांची दाट छाया होती. पात्रे पहिल्या पानावर जशी असत, तशीच शेवटच्या पानावर राहत. गुन्हेगार सापडला की पुस्तकात पुन्हा शिरण्याचे कारण उरत नसे. मात्र बाजूही भक्कम होती. घरात पुस्तकांची परंपरा नसलेल्या असंख्य मुलांना वाचनाचा वेग, उत्कंठा आणि सलग शंभर पाने संपवण्याचा आत्मविश्वास या कथांनी दिला. त्यांतील काही वाचक तेथेच थांबले, काही पुढे गेले. पायरीवर कोणी मुक्काम करीत नाही, हे खरे. तरी ती काढून टाकली तर ओसरीवर चढायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

(१७/२०) आता वऱ्हाडातील सर्वांत बोलके उदाहरण. अमरावतीचे उद्धव शेळके. १९६० मध्ये त्यांची 'धग' प्रसिद्ध झाली. कौतिक ही गरीब शिंपी कुटुंबातील बाई. नवरा कर्तृत्वशून्य, पुढे महारोगाने ग्रासलेला. मुलांना वाढवण्यासाठी ती अखेरपर्यंत झगडते. कादंबरीतील माणसे वऱ्हाडी बोलतात. 'मला-तुला' ऐवजी 'मले-तुले' म्हणतात. ती बोली तोवर प्रामुख्याने गंमतीसाठी वापरली जाई. शेळक्यांनी तिच्यात शोकांतिका लिहिली. 'धग' मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते आणि विद्यापीठांतून अभ्यासली जाते. अभिजाततेचे सारे निकष ती पूर्ण करते.

(१८/२०) पण त्याच शेळक्यांनी पुढे उपजीविकेसाठी लोकप्रिय वळणाच्या रंजक कादंबऱ्या मोठ्या संख्येने लिहिल्या. लेखणी हेच त्यांच्या संसाराचे साधन होते. समीक्षकांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी पाठ फिरवली. येथे अभिजात आणि लोकप्रिय या दोन पक्षांचे भांडण एका माणसाच्या टेबलावर येऊन थांबते. 'धग'सारखे पुस्तक लिहायला वर्षे लागतात आणि त्याने चूल पेटेलच असे नाही. प्रकाशक महिन्याला एक कादंबरी मागतो आणि रोख पैसे देतो. ज्या समाजाला अभिजात साहित्य हवे असते, पण ते लिहिणाऱ्याच्या पोटाची तजवीज करायची नसते, त्या समाजाने लेखकाच्या तडजोडीवर बोट ठेवण्यापूर्वी थोडे थांबावे.

(१९/२०) १९८१ च्या अकोला संमेलनाचे अध्यक्ष गो. नी. दांडेकर यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा, १९१६ चा. शिवकालीन कादंबऱ्यांमुळे, दुर्गभ्रमणामुळे ते तरुणांचे लाडके होते. त्यांची 'पूर्णामायची लेकरं' पूर्णाकाठच्या माणसांची कथा सांगते, तीही वऱ्हाडी बोलीत. अकोल्याची मोर्णा याच पूर्णेला मिळते. १९७६ मध्ये 'स्मरणगाथा' या पुस्तकासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वाचकांचे प्रेम आणि विद्वानांचा मान एका ठिकाणी येऊ शकतात, याचे हे उदाहरण. रणजित देसाईंची 'स्वामी', शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय', अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' यांचीही वाट तीच. लोकप्रियता हा दोष ठरत नाही, तसाच तो गुणही ठरत नाही. पुस्तक दुसऱ्यांदा उघडल्यावर काय देते, हे पाहावे लागते. झुंजार पहिल्या वाचनात सर्व देऊन मोकळा होतो. कौतिक आणि यमुना दर वाचनात काही राखून ठेवतात. हा फरक खरा आहे, आणि तो मान्य करण्यासाठी झुंजारला हिणवण्याची गरज नाही.

(२०/२०) शेवटी प्रश्न जतनाचा. अभिजात ठरलेल्या पुस्तकांच्या आवृत्त्या निघतात, ती अभ्यासक्रमात लागतात, ग्रंथालये ती बांधून ठेवतात. स्वस्त कागदावरच्या रहस्यकथा रद्दीत गेल्या. अर्नाळकरांचे समग्र लेखन एका जागी पाहायला मिळणे आज दुर्मीळ आहे. सामान्य माणूस कशाला भीत होता, कशावर हसत होता, शहराची कोणती स्वप्ने पाहत होता, हे सांगणारी ती कागदपत्रे होती. रिद्धपूरचा ग्रंथ सांकेतिक लिपीत हरवला होता, तरी पोथ्या कोणीतरी सांभाळल्या म्हणून तो परत मिळाला. रद्दीत गेलेले पुस्तक असे परत मिळत नाही. तरुण इतिहासप्रेमींच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत एखादी फाटकी रहस्यकथा किंवा जुनी मासिके असतील, तर ती टाकू नयेत. वर्ष, प्रकाशक व किंमत टिपून जवळच्या जुन्या वाचनालयात विचारणा करावी. 'धग' अजून वाचली नसेल, तर ती मात्र आधी वाचावी.